एप्सन ईएच-टीडब्ल्यू ९४०० : खोलीत कुठे बसतो आणि पडद्यावर किती उजेड पोहोचवतो

एप्सनच्या ईएच-टीडब्ल्यू ९४०० या होम थिएटर प्रोजेक्टरविषयी जे लिहिले जाते त्यात काळ्या रंगाचा गडदपणा, ४के चित्राची बारकाई आणि एचडीआर (अतिउजळ आणि अतिगडद छटा एकाच चित्रात दाखवण्याची पद्धत) यांवरच भर असतो. हे सारे महत्त्वाचे आहेच, पण पैसे मोजण्याआधी खरेदीदाराला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. हा प्रोजेक्टर माझ्या खोलीत नेमका कुठे बसेल, आणि तिथे बसवल्यावर माझ्या पडद्यावर किती उजेड पडेल? बहुतेक जण हे प्रश्न वेगवेगळे सोडवतात. जागेचा प्रश्न फर्निचर आणि वायरिंगच्या वेळी सुटतो, तर उजेडाचा प्रश्न खोक्यावर छापलेला लुमेनचा (प्रोजेक्टर एकूण किती प्रकाश बाहेर टाकतो त्या मापाचा) आकडा पाहून सुटला असे समजले जाते. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि या यंत्राच्या बाबतीत तर फारच. त्याची लेन्स जागेबाबत जी मोकळीक देते ती विलक्षण आहे; पण त्या मोकळिकीची किंमत ती उजेडातून वसूल करते. ही किंमत आधी मांडून पाहिली तर हा प्रोजेक्टर वर्षानुवर्षे समाधान देतो, म्हणून हे परीक्षण मी मुद्दाम त्या एकाच अंगाने लिहीत आहे.

आधी यंत्राची जुजबी ओळख. अमेरिकेत हाच प्रोजेक्टर होम सिनेमा ५०५०यूबी या नावाने विकला गेला. यात तीन एलसीडी पॅनेल आहेत, ती मुळात १०८० रेषांची असून पिक्सेल किंचित सरकवून ४के चित्राचा बारकावा साधला जातो. दिवा २५० वॅटचा आहे, जाहीर तेज २६०० लुमेन आहे, आणि झूम, फोकस व लेन्स शिफ्ट (यंत्र न हलवता चित्र वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणे) ही तिन्ही कामे मोटरने, रिमोटवरून होतात. वजन सुमारे ११ किलो आहे आणि रुंदी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. म्हणजे हा कपाटातल्या कोणत्याही फळीवर सहज मावणारा प्रोजेक्टर नव्हे, आणि छताला टांगायचा तर स्टँड व त्याचे बोल्ट दणकट हवेत.

जागेचे गणित थ्रो रेशोपासून सुरू होते. लेन्सपासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे थ्रो रेशो, आणि या लेन्ससाठी तो १.३५ ते २.८४ आहे. १२० इंची १६:९ पडदा घेतला तर त्याची रुंदी २.६६ मीटर आणि उंची १.४९ मीटर भरते; म्हणून लेन्स पडद्यापासून कमीत कमी ३.५९ मीटर आणि जास्तीत जास्त ७.५५ मीटरवर ठेवता येते. १०० इंची पडद्याला (रुंदी २.२१ मीटर) हीच मर्यादा २.९९ ते ६.२९ मीटर होते. एकच पडदा, आणि प्रोजेक्टरला मागेपुढे सरकायला तीन-चार मीटरची मुभा. सर्वसाधारण एकचिपी डीएलपी (बारीक आरशांच्या एकाच चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरचा झूम १.२ किंवा १.३ पट असतो आणि तिथे ही मुभा मीटरभरसुद्धा मिळत नाही; नेमकी त्याच पट्ट्यात तुळई, पंखा किंवा दिवा आला की पडद्याचा आकारच बदलावा लागतो. २.१ पट झूम असलेल्या या लेन्ससमोर तसा पेच क्वचितच येतो.

तरीही छापील किमान अंतरावर विसंबून छताला भोक पाडू नये. लेन्स घडवताना झूमच्या टोकांशी थोडा फरक राहतोच, त्यामुळे दोन्ही टोकांकडून किमान ३ ते ५ टक्के जागा सोडावी असे मी आग्रहाने सांगेन. १२० इंचांसाठी ३.५९ मीटर हे उत्तर आले असेल तर निदान ३.७५ मीटर धरावे. अंतर नेहमी लेन्सच्या पुढच्या काचेपासून मोजावे. यंत्राच्या पाठीपासून किंवा स्टँडच्या मध्यापासून नाही. स्टँडची पट्टी यंत्राच्या तळाला जिथे बसते तिथपासून काचेपर्यंतचे अंतर यंत्र टेबलावर उलटे ठेवून, खाली मऊ कापड घालून, स्वतः टेपने मोजणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. लेन्स यंत्राच्या रुंदीच्या मधोमध असल्याने डाव्या-उजव्या बाजूचा हिशेब मात्र सोपा राहतो.

आता बसण्याची जागा. पडदा प्रेक्षकाच्या डोळ्याशी किती अंशांचा कोन करतो यावर चित्राचा भारदस्तपणा ठरतो. होम थिएटरच्या जगात ३० ते ४० अंश ही पट्टी सर्वमान्य आहे. १२० इंची पडद्यासाठी ४० अंश म्हणजे ३.६५ मीटर आणि ३० अंश म्हणजे ४.९६ मीटर. या आकड्यांकडे जरा लक्ष द्यावे, कारण या प्रोजेक्टरचे किमान अंतर आणि ४० अंशांची बैठक जवळजवळ एकाच रेषेत येतात. म्हणजे सर्वाधिक उजेडाच्या मोहाने (जवळून उजेड जास्त मिळतो, त्याचे कारण पुढे येईल) प्रोजेक्टर अगदी पुढे घेतला, तर तो नेमका प्रेक्षकांच्या डोक्यावर येतो. कंपनीच्या आकड्यांनुसार पंख्याचा आवाज इको मोडमध्ये (दिवा मंद) २० डेसिबल आणि हाय मोडमध्ये (दिवा पूर्ण प्रखर) ३१ डेसिबल आहे. इको मोडचा आवाज जाणवतही नाही, पण हाय मोडचा पंखा डोक्यावर असेल तर चित्रपटातल्या शांत प्रसंगात तो कानाला लागतोच. बैठकीच्या मागे अर्धा-पाऊण मीटर सरकवले की हा त्रास बराच उतरतो, आणि उजेडही फारसा जात नाही.

साडेपाच मीटर लांबीच्या खोलीचे उदाहरण घेऊ. पडदा भिंतीपासून थोडा पुढे, प्रोजेक्टर मागच्या भिंतीपाशी. यंत्राची पुढून मागपर्यंतची लांबी ४५ सेंटिमीटर, मागे केबल वळण्यासाठी आणि हवा खेळण्यासाठी पंधरा-वीस सेंटिमीटर सोडले, तर लेन्स पडद्यापासून साधारण ४.८ मीटरवर येते. ४.८ भागिले २.६६ म्हणजे थ्रो रेशो १.८. ही जागा झूमच्या पट्ट्यात जवळच्या टोकाकडे, सुमारे एकतृतीयांशावर पडते. माझ्या मते या प्रोजेक्टरसाठी हीच सर्वांत चांगली जागा आहे: आवाज मागे, उजेडाची तूट माफक, आणि लेन्स कोणत्याही टोकाशी ताणलेली नाही.

लेन्स शिफ्टबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या यंत्राचे हे सर्वांत मोठे बळ आहे. चित्र उभ्या दिशेने ±९६ टक्के आणि आडव्या दिशेने ±४७ टक्के सरकवता येते. टक्केवारी चित्राच्या उंचीची आणि रुंदीची, आणि मोजणी मध्यबिंदूपासून. १२० इंची चित्राची उंची १.४९ मीटर, तिचे ९६ टक्के म्हणजे १.४३ मीटर, त्यातून अर्धी उंची वजा केली की उरतात ६८ ते ६९ सेंटिमीटर. याचा अर्थ लेन्स पडद्याच्या वरच्या कडेपेक्षा तब्बल ६८ सेंटिमीटर वर असली तरी चित्र जागेवर, काटकोनात आणि एकही पिक्सेल न गमावता उतरते. शिफ्ट दोन्ही दिशांना सारखीच असल्याने हेच पडद्याच्या खालच्या कडेलाही लागू आहे, आणि दोन्ही कडांच्या मधली कोणतीही उंची तर चालतेच. त्यामुळे प्रोजेक्टर छताला उलटा टांगा, मागच्या भिंतीवरच्या मजबूत फळीवर सरळ ठेवा किंवा बैठकीमागच्या ठेंगण्या कपाटावर ठेवा, लेन्सची हरकत नसते. ज्यांना छतात भोके पाडायची नाहीत अशांना फळीचा पर्याय मी आवर्जून सुचवेन. ११ किलोचे यंत्र फळीवर अधिक स्थिर राहते, आणि दिवा बदलताना किंवा फिल्टर साफ करताना शिडी लागत नाही.

एक अट मात्र ध्यानात ठेवावी. उभी आणि आडवी शिफ्ट एकाच वेळी पूर्ण मिळत नाही. एक दिशा जितकी वापराल तितकी दुसरी कमी होते, आणि उभी शिफ्ट टोकाला नेली की आडवी जवळजवळ उरतच नाही. म्हणून प्रोजेक्टर छताशी अगदी वर आणि शिवाय मध्यरेषेपासून बाजूला, अशी दुहेरी तडजोड टाळावी. खोलीच्या रचनेमुळे यंत्र बाजूला घ्यावेच लागत असेल, तर उंची पडद्याच्या मध्याच्या जवळ आणावी. कीस्टोन दुरुस्तीची (तिरप्या यंत्रामुळे वाकडे पडलेले चित्र सरळ करण्याची) सोय यंत्रात आहे, पण ती होम थिएटरमध्ये वापरू नये. ती चित्राला आकडेमोडीने दाबून चौकोनात बसवते. पॅनेलचे काही पिक्सेल वाया जातात, बारकावा कमी होतो आणि उजेडही घटतो. इतकी उदार शिफ्ट हाती असताना कीस्टोनची गरज पडावी, याचा अर्थ यंत्र तिरपे बसले आहे. ते आधी सरळ करावे.

प्रत्यक्ष जुळवणीचा एक तपशील सांगतो. यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्यावे आणि मगच फोकस, झूम व शिफ्टला हात लावावा, कारण थंड असताना टिपलेला फोकस यंत्र तापल्यावर किंचित ढळतो. यंत्राचा स्वतःचा जाळीदार नमुना पडद्यावर टाकावा आणि पडद्याजवळ, हातभर अंतरावर उभे राहून रिमोटचे बटण एकेकदा दाबत जावे. रेषांच्या कडांची धूसर झालर आटत आटत नाहीशी होते आणि पिक्सेलांमधली बारीक जाळी उमटते, तो क्षण बैठकीवरून कधीच दिसत नाही. उभी शिफ्ट लावताना शेवटची हालचाल नेहमी खालून वर करावी. चित्र वरून खाली आणून थांबवले तर गिअरमधल्या किंचित ढिलाईमुळे ते नंतर मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली बसू शकते, आणि पडद्याच्या काळ्या चौकटीशी तेवढा फरकही डोळ्यांत भरतो.

आता या मोकळिकीची किंमत. झूम लेन्स लांबच्या टोकाला नेली की तिचे प्रकाश आत घेणारे तोंड अरुंद होते. चित्राचा आकार तोच, पडदा तोच, पण प्रोजेक्टर मागे गेल्याने उजेड कमी. २ पटींहून मोठ्या झूममध्ये दोन्ही टोकांमधला हा फरक तिसऱ्या हिश्श्याच्या किंवा त्याहूनही अधिकच्या घरात जातो. अंतर वाढले म्हणून प्रकाश विरळ होतो असे अनेकांना वाटते, पण कारण ते नाही. चित्राचे क्षेत्रफळ जोवर तेच आहे तोवर प्रकाश तेवढ्याच जागेत पसरतो. तूट होते ती लेन्समध्ये. म्हणून सात मीटर लांबीची खोली असलेल्याने ‘आपल्याला अंतराची अडचण नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. अंतर चालते, पण तिथे विकत घेतलेल्या दिव्याच्या उजेडाचा मोठा भाग लेन्सच्या आतच राहतो. त्याउलट, लांबच्या टोकाचा एक फायदाही आहे: लेन्सच्या मध्यभागातूनच प्रकाश जातो आणि कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्यातले तेजाचे प्रमाण) थोडा सुधारतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत, लहान पडद्यावर, काळ्या रंगासाठी जीव टाकणाऱ्याने मुद्दाम मागची जागा निवडली तर तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

उजेडाचा हिशेब मी निटमध्ये (पडदा डोळ्यांना किती तेजस्वी दिसतो त्या मापात) मांडतो. सूत्र सोपे आहे: लुमेन गुणिले पडद्याचा गेन (पडदा प्रेक्षकाकडे प्रकाश किती परत फेकतो ते प्रमाण; साध्या मॅट पडद्याचे साधारण १), भागिले (३.१४ गुणिले पडद्याचे क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये). १२० इंची पडद्याचे क्षेत्रफळ ३.९७ चौरस मीटर, गेन १ धरला, तर २६०० लुमेनमधून सुमारे २०८ निट निघतात. तुलनेला, चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रोजेक्शनचे मानक ४८ निट, म्हणजेच १४ फूट-लॅम्बर्ट आहे. २०८ विरुद्ध ४८ हे पाहून वाटते की उजेड उदंड झाला, आता १५० इंची पडदा घ्यायला काय हरकत आहे? इथेच घाई होते.

कारण २६०० हा आकडा दिवा नवा, हाय मोड, लेन्स जवळच्या टोकाला आणि रंगांचा सर्वांत प्रखर मोड अशा अवस्थेतला आहे. तो प्रखर मोड हिरवट असतो आणि त्यात कोणीही रसिक चित्रपट पाहत नाही. नियोजनासाठी मी एकेक वजावट अशी धरतो: अचूक रंगांच्या मोडसाठी ०.६, वर सांगितलेल्या ४.८ मीटरच्या जागेसाठी ०.८५, आणि बऱ्यापैकी वापरलेल्या दिव्यासाठी ०.७. हे गुणक सावध अंदाजाचे आहेत, प्रत्येक यंत्रागणिक थोडे हलतील. पण क्रम असाच लागतो. २६०० चे १५६० होतात, १५६० चे १३२६, आणि शेवटी हातात साधारण ९३० लुमेन उरतात. ९३० लुमेन म्हणजे १२० इंचांवर ७४ निट. चित्रपटगृहाच्या मानकापेक्षा हे दीडपट आहे, आणि तेही दिवा जुना झाल्यावर. हा निकाल उत्तम आहे. मात्र तो २०८ नव्हे, आणि १५० इंचांवर क्षेत्रफळ १.५६ पट झाल्याने तो ४७ वर येतो. मानकाशी जेमतेम बरोबरी, हाताशी शिल्लक काही नाही.

यापुढची वजावट अनेकांच्या ध्यानातच येत नाही. या प्रोजेक्टरमध्ये एक रंग-फिल्टर आहे, जो डिजिटल सिनेमा मोडमध्ये प्रकाशाच्या वाटेत सरकतो आणि डीसीआय-पी३ हा चित्रपटाचा विस्तृत रंगपट उघडतो. गडद लाल, समुद्राचा निळसर-हिरवा, तेलाच्या ज्योतीचा केशरी, हे रंग त्याने खरोखर वेगळ्या पातळीवर जातात. पण फिल्टर प्रकाश अडवूनच रंग शुद्ध करतो, आणि उजेड निम्म्याच्या आसपास येतो असे धरून चालावे. म्हणजे १२० इंचांवर ७४ चे ३७ निट होतात, मानकाच्या खाली. १०० इंची पडद्यावर क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर, तिथे हाच फिल्टर लावून ५३ निट मिळतात. म्हणून पडद्याचा आकार ठरवतानाच स्वतःला विचारावे: मला विस्तृत रंग हवे आहेत की विस्तृत पडदा? या एका प्रश्नाने १०० आणि १२० मधली निवड होते. माझा कल स्पष्ट आहे. ४.२ मीटरच्या आत बसणाऱ्याने १०० ते ११० इंचांवर थांबावे आणि फिल्टरचा पुरेपूर उपभोग घ्यावा. त्या अंतरावरून चित्र लहान वाटत नाही, आणि रंग मात्र रोज दिसतात.

हे सारे कागदावर न ठेवता पडताळून पाहता येते, आणि त्यासाठी साधा लक्स मीटर (एखाद्या जागी किती प्रकाश पडतो ते मोजणारे उपकरण) पुरतो. पूर्ण पांढरे चित्र लावावे, खोली अंधारी करावी, मीटर पडद्याला टेकवून त्याचा सेन्सर प्रोजेक्टरकडे वळवावा, आणि तीन ओळी व तीन स्तंभ अशा नऊ जागी आकडा लिहून सरासरी काढावी. सरासरी लक्स गुणिले क्षेत्रफळ म्हणजे प्रत्यक्ष पोहोचणारे लुमेन. लक्स भागिले ३.१४, गुणिले गेन म्हणजे निट. ४८ निटसाठी पडद्यावर १५१ लक्स लागतात, एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी काम भागते. मोजताना अंगावर गडद कपडे असावेत आणि हात लांब धरावा. पांढऱ्या सदऱ्यावरून परतलेला प्रकाशसुद्धा आकडा वाढवतो. कोपऱ्यातले आकडे मध्यापेक्षा कमी येतात, ते स्वाभाविक आहे. मीटर मध्यावर धरून दुसऱ्या कोणाला झूम हळूहळू फिरवायला सांगू नये, कारण चित्राचा आकार बदलला की लक्सही बदलतो आणि लेन्समधली तूट वेगळी कळत नाही; ती पाहायची तर प्रोजेक्टर हलवून, चित्र तेवढेच ठेवून मोजावे लागते.

पडद्यावर पोहोचलेला उजेड उपयोगी ठरतो की नाही, हे उरलेली खोली ठरवते. पडद्यावर दारातून किंवा एखाद्या दिव्यातून केवळ ५ लक्स इतका आगंतुक प्रकाश पडत असेल, तर पांढऱ्या पडद्यावर १.६ निट तेजाचा थर कायमचा बसतो. पांढरा रंग ७४ निट आणि काळा १.६ निट, म्हणजे कॉन्ट्रास्ट ४६:१. या प्रोजेक्टरच्या काळ्या रंगाची सारी कीर्ती त्या पाच लक्सपुढे निष्प्रभ होते. जाड पडदे लावून तो प्रकाश १ लक्सवर आणला तर काळा ०.३२ निट होतो आणि प्रमाण २३०:१ वर जाते. लुमेन वाढवून हेच साधायचे म्हटले तर पाचपट ताकदीचा प्रोजेक्टर लागेल. खोलीच्या आतल्या परावर्तनाचेही तेच. पांढरे छत पडद्यावरून आलेला प्रकाश पुन्हा पडद्यावरच टाकते, आणि अर्धा उजळ, अर्धा काळोखा असा प्रसंग फिका पडतो. पडद्याजवळचे छत आणि बाजूच्या भिंती निदान दीड मीटरपर्यंत गडद व निस्तेज रंगाच्या केल्या, तर या यंत्रात जो फरक दिसतो तो कोणत्याही सेटिंगने दिसत नाही. दिवाणखान्यात, दिवे चालू ठेवून क्रिकेट पाहणे हा मुख्य हेतू असेल, तर मी हा प्रोजेक्टर सुचवणार नाही. तो अंधारासाठी घडवलेला आहे.

एचडीआरबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. ही चित्रे बहुधा १००० निट किंवा त्याहून अधिक तेजासाठी तयार केलेली असतात, आणि आपल्या पडद्यावर ७४ निट आहेत. त्यामुळे प्रोजेक्टरला सारा पट्टा दाबून बसवावा लागतो. एप्सनने यासाठी १६ पायऱ्यांची एचडीआर सेटिंग दिली आहे, आणि तिचा उपयोग मोठा आहे: चित्रपट अंधारलेला वाटला तर पायरी बदलावी, ढगांचे व ज्वाळांचे तपशील पुसले गेले तर उलट दिशेने जावे. पण इथेही मूळ भांडवल निटचेच. ज्याने पडदा बेताचा ठेवला आहे त्याला या पायऱ्यांमध्ये खेळायला वाव राहतो.

पडद्याच्या गेनविषयी थोडक्यात. १.३ गेनचा पडदा मधोमध बसणाऱ्याला तीस टक्के जादा उजेड देतो, पण तो बाजूच्या खुर्च्यांकडून काढून घेतलेला असतो. ध्वनी आरपार जाणारा सच्छिद्र पडदा साधारण दहावा हिस्सा प्रकाश मागे सोडून देतो, तेवढी वजावट हिशेबात धरावी. जास्त गेनच्या पडद्यावर प्रोजेक्टर फार जवळ असेल तर मध्यभागी उजळ ठिगळ दिसते, कारण कडांवर प्रकाश तिरपा पडतो. तिथे मागची जागा बरी. साध्या मॅट पडद्याला ही चिंता नाही, आणि या प्रोजेक्टरला मॅट पडदाच सर्वांत शोभतो.

रुंद पडद्याची आवड असणाऱ्यांसाठी लेन्स मेमरी ही मोठी सोय आहे. २.४:१ आकाराचा पडदा लावून १६:९ चित्र मध्यभागी आणि सिनेमास्कोप (अतिरुंद, २.४:१ आकाराचे) चित्र पूर्ण रुंदीभर, असे दोन्ही झूम, शिफ्ट व फोकसच्या साठवलेल्या जोड्यांनी एका बटणावर मिळते. पण तिथे जागेचे गणित अधिक कसोशीचे होते. समजा पडद्याची उंची १.१३ मीटर आहे. १६:९ चित्राची रुंदी २ मीटर आणि स्कोप चित्राची २.७१ मीटर. मोठ्या चित्रासाठी किमान अंतर ३.६६ मीटर, लहान चित्रासाठी कमाल ५.६८ मीटर, म्हणून लेन्स या दोहोंच्या मध्येच हवी. एरवीची चार मीटरची मुभा इथे दोनवर येते. शिवाय स्कोप चित्र मोठे करताना वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्याही मोठ्या होऊन पडद्याबाहेर जातात आणि त्यांच्या वाट्याचा प्रकाश वाया जातो. लेन्स जवळच्या टोकाकडे सरकल्याने त्यातला थोडा भाग भरून निघतो, सगळा नाही. ही योजना करणाऱ्याने उजेडाचा हिशेब २.७१ मीटर रुंदीच्या पूर्ण १६:९ चित्राने करावा, नुसत्या पडद्याच्या क्षेत्रफळाने नव्हे.

दिव्याच्या वयाचा मुद्दा शेवटी उरतो. कंपनी हाय मोडमध्ये ३५०० तास आणि इकोमध्ये ५००० तास सांगते, परंतु दिव्याचे आयुष्य म्हणजे त्याचा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ, हे सहसा ठळकपणे सांगितले जात नाही. उतरण समान गतीने होत नाही. सुरुवातीच्या काहीशे तासांतच मोठा हिस्सा जातो आणि मग वेग मंदावतो. म्हणून नवा दिवा इको मोडमध्ये पुरेसा उजेड देईल असा पडदा निवडावा, आणि दिवा म्हातारा झाला की मीडियम, नंतर हाय, अशा चढत्या क्रमाने जावे. यात डोळ्यांना उजेड जवळजवळ सारखाच राहतो, पंखाही पहिली बरीच वर्षे शांत असतो. नवा दिवा असतानाच हाय मोडवाचून ज्याचे भागत नाही, त्याचा पडदा या यंत्राला मोठा आहे.

वापरलेला ९४०० घेणाऱ्याने मेनूत दिव्याचे तास पाहावेत, पण त्यावर न थांबता लक्स मीटर घेऊन जावे, आणि नवा मूळ दिवा बसवण्याचा खर्च किमतीत धरावा. ज्याला दिवे बदलण्याचीच कटकट नको आहे त्याच्यासाठी एप्सनने २०२२ मध्ये ईएच-एलएस१२०००बी हा लेसर प्रोजेक्टर आणला. त्याचे जाहीर तेज २७०० लुमेन आणि प्रकाशस्रोताचे आयुष्य २०,००० तास आहे. थ्रो रेशो तोच १.३५ ते २.८४, लेन्स शिफ्टही तीच. म्हणजे वर मांडलेले अंतराचे व उंचीचे सारे आकडे त्याला जसेच्या तसे लागू पडतात, आणि आज ९४०० साठी आखलेल्या जागेवर उद्या तो बसवायचा झाला तर पडदा, केबल किंवा बैठक हलवावी लागणार नाही. स्टँडची भोके तेवढी पुन्हा जुळवून घ्यावीत.